एका घरात दोन उमा

१४ जाने.
साक्षगंध आटोपले. प्रशांत आंधळगावचा, बी-खताचे दुकान चालवतो. मला पसंत आहे. हे आधीच नोंदवते, म्हणजे पुढचे लग्नाविरुद्ध समजले जाणार नाही. अडचण निराळी. त्याच्या आईचे नावही उमा. पंगतीत माझी मोठीमाय, बाबांची वहिनी, म्हणाली, "एका घरात दोन उमा कशा चालतीन वं? पोरानं आवाज देला त दोघीबी धावतीन." सगळे हसले. मीही. भात वाढून होईपर्यंत माझे नवे नाव ठरलेसुद्धा: रिया. लग्न लागले की प्रशांत ताटातल्या तांदळावर अंगठीने ते लिहील, आणि मी पुसली जाईन.
एक शब्द बोलले नाही. नेहमीप्रमाणे.

१७ जाने.
पवनी, वाचनालय. काढून घेतले जाणारे नाव आहे तरी काय, ते पाहिले. संस्कृतात कांती, रात्र, हळद, जवस. मूळ अनिश्चित, 'अम्मा'शी नाते असावे, असा एक तर्क. जपानीत उमा म्हणजे घोडा. पोर्तुगीजमध्ये 'एक', तेही स्त्रीलिंगी. स्वाहिलीत चावणे.
घोडा, एक, चावणे. एवढे सगळे जवळ असताना मी पंगतीत नुसती हसले.
रिया म्हणजे म्हणे गाणारी. मला गाता येत नाही.

१८ जाने.
बांधीत, आमच्या धानाच्या शेतात, गेले. कापणीआधी उभ्या धानात फेकलेले जवस आता निळे फुलले आहे. बाबांना सांगितले, संस्कृतात यालाच उमा म्हणतात.
"मंग आतापर्यंत तुहंच तेल काढून राहिलो का मी?"
हसून झाल्यावर म्हटले, मला नाव बदलायचे नाही. ते वाकून धुऱ्यावरचे गवत उपटू लागले. "कागदावर राहीनच ना. घरात काहीबी म्हणू दे. काहून वाकड्यात जाऊन राहिली?"

२० जाने.
जुनी कथा. मुलगी तपाला निघाली, तेव्हा आई म्हणाली, "उ, मा." अगं, नको. ती गेलीच, आणि त्या 'नको'चेच तिचे नाव झाले. मुलगी सालस व्हावी म्हणून हे नाव ठेवणाऱ्यांनी कथा पुरती ऐकलेली नसावी.
प्रशांतला फोन. "रिया लिहू नका."
"मले काही नाही. पण आईले कोण सांगन?"
"मी."


२ फेब्रु.
बस्त्यासाठी भंडाऱ्याला. साड्यांच्या ढिगासमोर सासूबाईंना सांगितले. आवाज इतका बारीक की दुकानदार म्हणाला, "कोणता रंग म्हणाल्या?" पुन्हा सांगितले. "माझे नाव उमाच राहील." आईने कोपर मारले.
सासूबाई काठ चाचपत राहिल्या. "मलेबी हे तांदळातच भेटलं, पोरी. माहेरी मी शेवंता. माय गेली, मंग कोणी शेवंता म्हणलंच नाही." मग साडीची घडी घालत: "पण एका घरात दोन उमा नाही चालत."
मी म्हणाले, "नका चालवू. एक उमा, एक शेवंता चालेल."
हे मी बोलले. भर दुकानात. आईचा अजून विश्वास बसलेला नाही.
त्यांनी एक निळी साडी बाजूला ठेवायला सांगितली. कोणासाठी, ते बोलल्या नाहीत.

१५ फेब्रु.
उद्या लग्न. आज हळद लागली. म्हणजे उमेला उमा. उद्या नाव लिहायच्या ताटाबद्दल मोठीमाय मुद्दाम मोठ्याने, "रियाचं ताट घासलं का वं?" मी म्हटले, उमाचे घासले. तिने माझ्याकडे नीट पाहिले, आणि ताट पुन्हा पुसायला घेतले.
प्रशांतचा फोन: "आई काहीच बोलून नाही राहिली. मी काय लिहू?" तुम्हाला माहीत आहे, एवढेच म्हणाले.
ताटातले तांदूळ आमच्याच बांधीतले. मीच निवडले. वेगळे अक्षर उमटू लागले, तर सगळ्यांदेखत सपाट करीन आणि अंगठी मागून घेईन.
तांदळावरचे नाव पुसायला एक तळहात पुरतो. शेवंताबाईंना हे तेव्हा कोणी सांगितले नव्हते.