आपोआप जतन

रायपूर, मंगळवार, संध्याकाळ

गेल्या आठवड्यात कॉम्प्युटरच्या सदरात मी थाटात लिहिलं: ‘आपोआप जतन’, म्हणजे ऑटोसेव्ह, चालू ठेवा. वर ‘निश्चिन्तो भव’ही जोडलं. शेजारच्या वानखेडेंनी विश्वासानं ते चालू केलं. आज रेल्वेतल्या जुन्या कारकुनी सवयीनं त्यांनी दिवंगत पत्नीचं मुलीला लिहिलेलं शेवटचं पत्र उघडलं, मजकूर पुसला आणि त्यावरच वर्षश्राद्धाचं निमंत्रण लिहिलं. फाईलला नवं नाव नंतर देणार होते. तोवर निमंत्रणच जतन झालं, पत्र गेलं.

जुनी प्रत खूप शोधली. नाहीच. निश्चिन्तो भव! कोणी सांगितलं होतं मला शास्त्रीबुवा व्हायला?

“काहून तोंड पाडून राहिले, भाऊ?” वानखेडे म्हणाले. “लेख चांगलाच होता तुमचा. आता हे निमंत्रण तेवढं पाहून द्या मले.”

पत्नीच्या नावाआधी ‘कै.’ लिहायचं राहिलं होतं. मी लिहिलं. लगेच जतन झालं.