बिनॲसिडचा जिना

३ ऑक्टोबर, शुक्रवार

लतिका आज जिन्याखाली कोसळली! वॉचमनच्या संडासात ॲसिड ओतलं, डाग जाईना म्हणून वर ब्लीचिंग पावडर टाकली. बाहेर आली ती भिंत धरधरून. डोळे लालभडक, खोकला थांबेना. तशीच रिक्षात घालून दवाखान्यात नेली. डॉक्टर माझ्यावरच ओरडले—"ही दोन एकत्र करतात का? विषारी गॅस होतो! थोडक्यात वाचल्या या."

मनवेलपाड्यातल्या आमच्या या बिल्डिंगीची झाडलोट ती कितीतरी वर्षं करतेय. आणि ते ॲसिड? सेक्रेटरी म्हणून मीच मागवते. 

५ ऑक्टोबर, रविवार

मीटिंग झाली. उभी राहिले. म्हटलं—ॲसिड बंद, फिनेल बंद. रिठ्याचं पाणी, धुण्याचा सोडा, लिंबाची सालं, ब्रश. बस्स.

चेअरमन नरहरीकाका म्हणाले, "अहो सेक्रेटरीबाई, फिनेलचा वास आला नाही तर लादी पुसली हे कळायचं कसं?" सगळे हसले. मीही हसले. का हसले मी?

शेवटी ठरलं—दिवाळीपर्यंत बघू. जिना स्वच्छ दिसला नाही तर सफाई एजन्सीकडे. म्हणजे लतिका घरी! मी हे काय करून बसले? तिच्या भल्यासाठी उठले आणि तिचीच नोकरी टांगणीला लावली.

११ ऑक्टोबर, शनिवार

घरभर रिठ्याचा वास. सुमेध म्हणाला, "आपण राहायचं कुठे, गच्चीवर?" नवऱ्याला थट्टा सुचतेय. मला जेवण जात नाही.

जिन्याचे कोपरे पानाच्या पिचकाऱ्यांनी लाल. सोडा लावून घासघास घासलं, मीही बसले तिच्यासोबत. डाग फिकट होतात, जात नाहीत. स्वतःचा दुखरा खांदा धरून लतिका म्हणाली, "ताई, ॲसिडचं पानी मारलं की फटक्यात निघायचं." मी म्हटलं, "होईल गं सवय." तिनं ब्रश पुन्हा उचलला. मधेच खोकते. दवाखान्यात परत चल म्हटलं, तर "बरी आहे मी."

१४ ऑक्टोबर, मंगळवार

दुसऱ्या मजल्यावर मुंग्या झाल्या. माझ्या लिंबामुळे म्हणे!

१८ ऑक्टोबर, शनिवार

डाग गेले!! तळमजल्यापासून वरपर्यंत कोपरे पांढरे. नरहरीकाका गेटवर थांबले—"मानलं तुम्हाला. सोड्यात एवढा दम असतो माहीत नव्हतं." मला रडूच यायला लागलं. लतिकाला शाबासकी द्यायला गेले, तर तिनं मान वर केली नाही. लाजली असेल.

२० ऑक्टोबर, सोमवार

नरकचतुर्दशी. पहाटे आंघोळ करून रांगोळी काढायला दार उघडलं—आणि तो वास! नाकात झोंबणारा. खाली उतरले. लतिका, तोंडाला ओढणी बांधलेली, हातात बाटली.

"ताई, ओरडू नका. लोक उठतील."

"तू हे कुठून आणलंस?"

"हार्डवेअरवाल्याकडनं. दिवाळीपुरतंच. तुमचं नाव राहील, माझं काम राहील." एवढं बोलली आणि खोकत पायरीवर बसली. बाटली काढून घेतली. तिच्याशेजारी बसून राहिले.

सणाचा दिवस, घरी फराळ, पाहुणे. मी हसतेय, ताटं वाढतेय, डोक्यात एकच—सांगितलं तर तिची नोकरी जाणार. नाही सांगितलं तर ती तो वास पुन्हा घेणार.

२२ ऑक्टोबर, बुधवार

सुमेध म्हणतो, गप्प राहा. गप्प राहवत नाही. बोलवतही नाही.

२६ ऑक्टोबर, रविवार

सांगून टाकलं. भर मीटिंगमध्ये. "जिना सोड्यानं नाही, ॲसिडनं पांढरा झाला."

नरहरीकाका लालबुंद. "म्हणजे आम्हाला फसवलं?"

"एकटी बाई हातानं घासून एवढ्या वर्षांचे डाग पंधरवड्यात काढू शकत नाही, काका. आपण मुदत घातली, म्हणून तिनं जिवावर उदार होऊन काढले. आणि थुंकलं कोणी? ती थुंकली?" आता संपलं, असं वाटलं. एजन्सी येणार, लतिका जाणार.

काका खाली बघत होते. मग म्हणाले, "पहिल्या मजल्यावरच्या बऱ्याचशा पिचकाऱ्या माझ्या आहेत." कोणी हसलं नाही.

एजन्सी रद्द! ॲसिड कायमचं बंद. रविवारी ज्या-त्या मजल्यानं आपापले कोपरे घासायचे, लतिकानं नुसतं झाडायचं-पुसायचं. घरी येऊन भांडंभर पाणी प्यायले. किती दिवसांनी झोप येतेय.

३ नोव्हेंबर, सोमवार

लतिकाचा खोकला वाढलाय. म्हटलं, "आता तर ॲसिडचा थेंब नाही बिल्डिंगीत, मग कसा गं?"

"इथलं सुटलं, ताई. इथलं झालं की अजून चार बिल्डिंगी करते ना मी. तिथं ॲसिडच."

इतकी वर्षं रोज तिला गेटबाहेर पडताना बघते. कुठे जातेस, हे कधी विचारलंच नव्हतं.

उद्या तिच्याबरोबर जातेय, तिथल्या लोकांशी बोलायला. तिथं मी कोणाची सेक्रेटरी नाही.