बाबाचं नाक मीच बरं करणार

४ ऑगस्ट, सोमवार
आजपासून बाबाच्या नाकाची केस माझ्या हातात. नाकाच्या उजव्या बाजूला, डोळ्याजवळ, काळपट तीळ. मसुराच्या दाण्याएवढा. कडा चकचकीत, मधे खड्डा. वर्ष झालं. दाढी करताना रक्त येतं, खपली धरते, पडते, पुन्हा रक्त. बाबा म्हणतो, "राहू दे गा. बस चालवाले नाक लागते का?" या निष्काळजीपणाची मला भयंकर चीड येते. दुकानातून ट्यूब आणली. खाज, गजकर्ण, पुरळ, सगळ्यावर एकच. काउंटरवरून रोज वीस जातात, आजवर एकही माणूस भांडायला परत आलेला नाही. दिवसातून दोनदा. पंधरा दिवसांत साफ.

६ ऑगस्ट
एक गोष्ट नोंदवून ठेवतो. डी.फार्म. मी सोडलं, कॉलेजने मला काढलं नाही. दुसऱ्या वर्षी प्रिन्सिपॉलने भर वर्गात विचारलं, "प्रशिक, आज तरी पुस्तक आणलं का?" मी उठलो आणि निघालो. चार विषय राहिले होते तो वेगळा मुद्दा आहे. दुकानात बसून जे कळतं ते पुस्तकात नसतं. मालक जेवायला जातो तेव्हा सगळं मीच पाहतो.

११ ऑगस्ट. सकाळी ९.१०
आली. कामिनी. समोरच्या हॉस्पिटलात स्किनच्या ओपीडीत सिस्टर. रोज उमरेडहून बसने येते, आधी आमच्या दुकानात थांबते, घशाच्या गोळ्यांची एक पट्टी घेते. एवढा घसा कुणाचाही खराब नसतो. अर्थ उघड आहे.
बाबाही उमरेडचीच गाडी चालवतो. हिचीच असेल काय? विचारलं नाही. बाप ड्रायव्हर आहे हे सुरुवातीलाच सांगायचं नसतं. मी फार्मासिस्ट आहे असं तिला सांगितलंय. झालोच असतो.

२० ऑगस्ट
तीळ आहे तसाच. बाबाला सरळ विचारलं, लावतो की नाही? म्हणाला, "लावतो ना." फरक? "हाय ना थोडासा." पेशंट स्वतः सांगतोय. जुन्या केसला वेळ लागतो. दुसरी ट्यूब दिली.

१४ सप्टेंबर
तिसरी ट्यूब. आई म्हणते एकदा डॉक्टरला दाखवा. घरात शिकलेला मुलगा असताना डॉक्टर कशाला? मी ताट सरकवून उठलो. दहा मिनिटांनी परत बसलो, कारण वांग्याची भाजी होती.

४ ऑक्टोबर
दीक्षाभूमीच्या गर्दीसाठी बाबाला तीन दिवस जादा गाड्या. सकाळपासून संध्याकाळपर्यंत ऊन खिडकीतून उजव्या गालावर. तीळ थोडा मोठा वाटतो. नाही, चेहरा सुकल्यामुळे तसा दिसत असणार. चौथी ट्यूब.

२७ ऑक्टोबर
डोकं फिरलंय. बाबाच्या बसमध्ये कोणी पोरगी बसते, ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर. तिने म्हणे बाबाला सांगितलं, "काका, साध्या तिळातून असं घडीघडी रक्त येत नसते. दाखवून द्या." मी विचारलं, कोण ही? बाबा म्हणाला, "माहीत नाही बाप्पा, दवाखान्यात असते म्हणे." दवाखान्यात तर चहावालाही असतो! कोणाच्याही नाकात नाक खुपसायचा हिला काय अधिकार? उद्या उमरेडच्या स्टँडवर जाऊन तिला गाठणार आणि चार शब्द सुनावणार. काय सुनावायचं तेही पाठ केलं.

२८ ऑक्टोबर
गेलो नाही. ९.१० ला दुकानात असणं भाग होतं.

५ नोव्हेंबर
त्या बसवाल्या बाईने हद्द केली. आज बाबाचं नाक मोबाइलच्या टॉर्चमध्ये पाहिलं! बस स्टँडवर! आणि सोमवारी स्किनच्या ओपीडीत याच असं सांगून गेली. आई लगेच तिच्या बाजूने, "तिचे पाय धुवून पाणी पेईन." माझे कुणी कधी धुतले?
मग विचार केला. स्किनची ओपीडी. कामिनी. राग गिळला. मनाचा मोठेपणा यालाच म्हणतात. निळा शर्ट इस्त्रीला दिला.

१० नोव्हेंबर, सोमवार. दुपारी ३
रागात लिहितोय.
ओपीडीत शिरलो. कामिनीने पाहिलं, हसली, पुढे आली. आणि बाबाला म्हणाली, "काका, आले बाप्पा तुम्ही! मले वाटलं टाळता की काय."
बसवाली बाई म्हणजे कामिनी.
बाबाने ओळख करून दिली, "हा माझा पोरगा." ती माझ्याकडे पाहत राहिली. "तुम्ही? तुम्ही तर फार्मासिस्ट ना? मग घरात इतके दिवस कसं नाही दिसलं तुम्हाले?" मी म्हटलं, बाबा ऐकत नाही कुणाचं. बाबाने मान खाली घातली.
डॉक्टरबाईंनी दिव्याचं छोटं भिंग तिळावर टेकवलं. बराच वेळ पाहिलं. कडा मोत्यासारख्या, आत बारीक रक्तवाहिन्या, असं कामिनीला सांगत होत्या. विचारलं, यावर काही लावलं? बाबा म्हणाला, "लावली एक ट्यूब." कोणी दिली? "आता ध्यानात नाही मॅडम." नाव आठवतं का? त्याने नेमकं माझ्याच ट्यूबचं नाव सांगितलं. डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवला. स्टेरॉइड आहे यात, म्हणाल्या, यानं वरवर लाली कमी दिसते, आतलं काम चालू राहतं. कामिनी भडकली, "कोण असतात हे काउंटरवाले? यायले लाज नाही वाटत?"
मी सगळ्यांपेक्षा मोठ्याने म्हटलं, अशा माणसाला भर चौकात उभा केला पाहिजे. त्याला मी शोधून काढणार. शब्द दिला.
मग बधिर करायचं इंजेक्शन दिलं आणि बारीक नळीने तुकडा काढला. बायोप्सी. एक टाका. बाबा हूं की चूं नाही. मला चक्कर आली ती सकाळपासून उपाशी होतो म्हणून.

१९ नोव्हेंबर
रिपोर्ट आला. बेसल सेल कार्सिनोमा. त्वचेचा कॅन्सर.
आई बाकावर बसली ती उठेना. बाबा तिला म्हणाला, "रडू नको वं सुभद्रा, लोकं पाहून राहिले."
डॉक्टरबाईंनी शांतपणे समजावलं. हा कॅन्सरमधला सावकाश चालणारा. अंगात दुसरीकडे सहसा जात नाही. पण बसला तिथे खात राहतो, आणि डोळा बोटभर लांब आहे. भोवतीच्या थोड्या चांगल्या कातडीसकट काढायचा, मग पूर्ण निघाला का ते तपासायचं. तीस वर्षं एकाच गालावर खिडकीचं ऊन, हेही कारण असू शकतं म्हणाल्या. आणि हेही म्हणाल्या की चार महिन्यांपूर्वी आले असते तर टाके कमी लागले असते.
चार महिने. मी मोजले नाहीत. मोजायची गरज नव्हती.

२० नोव्हेंबर
रात्रभर विचार करून निष्कर्ष काढला. रिपोर्ट चुकीचा आहे. कॅन्सर असता तर बाबा वाळला असता. वजन ऐंशी किलो. भूक चांगली. खोकला नाही. लॅबमध्ये तुकडे बदलले असणार. डॉक्टरबाईंशी भांडायला गेलो. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, दुसरं मत घ्या, जरूर घ्या, फक्त उशीर करू नका. भांडणाऱ्या माणसाशी इतकं नीट बोलणं हा शुद्ध अपमान आहे.
दुसरीकडे दाखवलं. तेही तेच म्हणाले. साटंलोटं.

२५ नोव्हेंबर. सकाळी ९.१०
कामिनी दुकानात आली. आता गोळ्या घेत नाही. विचारते, "सापडला का तो?" मी म्हटलं, शोध चालू आहे, वाडीतलाच दिसतो, आमच्या घराकडचा. "नाव आणा. मी मॅडमकडून तक्रार लिहून घेते. काकाच्या नाकाशी खेळला तो." हे सगळं मी ट्यूबच्या खोक्यासमोर उभा राहून ऐकलं. ती गेल्यावर खोकं मागच्या कपाटात टाकलं. मालक म्हणाला, "काय बे, चालता माल आत काहून टाकून राहिला?" त्याच्यावर ओरडलो. मालकावर! त्याने दुपारनंतर सुट्टी दिली. मी मागितली नव्हती.

२९ नोव्हेंबर
कामिनी: "सापडला का?"
मी: दुकान बंद करून पळून गेला म्हणे.
कामिनी: "बरं झालं. अजून कोणाचं वाटोळं करायच्या आत गेला."
प्रकरण मिटलं. आता तिच्या मनात माझ्याबद्दल आदरच असणार. ऑपरेशन झालं की बाबाची तब्येत विचारायच्या निमित्ताने नंबर मागायचा. ठरलं.

३ डिसेंबर
उद्या ऑपरेशन. आज प्लास्टिक सर्जनने नाकावर जांभळ्या पेनाने खुणा केल्या. तिळाभोवती एक गोल, त्याच्याबाहेर मोठा गोल, गालावर एक वाकडी रेघ. इथली कातडी सरकवून खड्डा भरायचा. मोठ्या गोलाची कड पापणीच्या खाली पोचलेली. बाबा आरशात बघून म्हणाला, "हे तर उमरेडच्या घाटाचा नकाशा दिसून राहिला." सगळे हसले. उमरेडला घाट नाही.
सर्जनने विचारलं, ते क्रीम किती दिवस लावलं? बाबा म्हणाला, "दोन-चार दिवस." असा राग आला! डॉक्टरशी खोटं? इतक्या मोठ्या गोष्टीत? तोंडातून निघून गेलं, चार ऑगस्टपासून, दिवसातून दोनदा. वीस ऑगस्टला दुसरी ट्यूब, चौदा सप्टेंबरला तिसरी, चार ऑक्टोबरला चौथी.
कामिनी हळूच म्हणाली, "तुम्हाले तारखा कशा पाठ?"
उत्तर तयार होतं. आठवण चांगली आहे, घरचाच माणूस, असं काहीही. पण बाबा तिथे बसला होता, नाकावरच्या त्या दोन गोलांसकट माझ्याकडे पाहत. मी म्हटलं, मीच दिल्या.
"आणि तुम्ही फार्मासिस्ट."
नाही, म्हटलं. दुसऱ्या वर्षाला सोडलं.
तिने रागावावं अशी माझी तयारी होती. रागाला उत्तर देता येतं. तिने फाइल उघडली आणि लिहिलं. कोणी दिली, त्यापुढे: मुलगा.

४ डिसेंबर
दीड तास. बाबा जागा होता, सर्जनशी डिझेलवर बोलत होता म्हणे. मी बाहेर. कामिनी दोनदा दारातून गेली. आईला म्हणाली, "काकू, चांगलं चाललं हाय, घाबरू नका." मी आईच्या शेजारीच बसलो होतो.
ठरवलं. सगळं पाप माझं. बाबाचा चेहरा माझ्या हाताने बिघडला. कॉलेज नाही, प्रेम नाही, आता हे. आयुष्यभर हे ओझं घेऊन जगणार. दाढी वाढवणार.

१० डिसेंबर
कडा साफ. पूर्ण निघाला. पापणी वाचली. आईने अख्ख्या गल्लीत साखर वाटली. मी घेतली नाही. मला अधिकार नाही.

११ डिसेंबर. संध्याकाळी ६
उद्या टाके काढायचे. आज बाबा अंगणात खुर्चीवर होता, अर्ध्या तोंडाला पट्टी. मी समोर जाऊन उभा राहिलो आणि आठवड्याभरापासून जुळवून ठेवलेलं सगळं बोललो. तुझा गुन्हेगार मी आहे. माझ्या ट्यूबने वाढलं. माफी मागायची लायकी नाही. शेवटी आवाज चढला, नेहमीसारखा.
बाबा हसायला लागला. टाके ओढले तसा थांबला. म्हणाला, "अबे, ट्यूब लावली कोणं? चार दिवस लावली असन. चिपचिप होते, सगळी धूळ येऊन बसते नाकावर. मंग सोडून देल्ली."
म्हणजे सर्जनला खरंच सांगत होता. मी विचारलं, मग रोज लावतो काहून म्हणत होतास?
"तू रोज विचारे ना. कॉलेज सोडल्यापासून दुसरं काही विचारलं काय तू मले? तेवढंच विचारे."
मग डॉक्टरकडे काहून नाही गेलास?
त्याने पट्टीची कड दाबून बसवली. "तू औषध देऊन राहिला होता. मी दवाखान्यात गेलो असतो तं तुले वाटलं असतं, बापालेही भरोसा नाही."
आत आलो. लिहायला बसलो तेव्हा वाटलं, उद्या कामिनीला पहिलं हेच सांगायचं, की ट्यूब लागलीच नव्हती. दोन ओळी खाली आलो आणि कळलं की सांगून काही सुटत नाही. ट्यूबने काही केलं नाही. चार महिने बाबा माझ्यासाठी थांबला.
आता बाबाने बाहेरून हाक मारली. कानामागे काही खरखरीत लागतंय, काळं आहे का पाह्य म्हणाला. मोबाइलचा टॉर्च लावून पाहिलं. आहे काहीतरी. बारीक. म्हटलं, मले नाही समजत बाबा. उद्या त्यायलेच दाखवू.
"बरं," म्हणाला. "सकाळी नऊले निघू."