काकू, तो घाम मी पाहिला होता

आदरणीय कुसुमकाकू,

क्षमा असावी. तुम्हाला पत्र लिहिण्याचा अधिकार घरच्यांचा. मी केवळ शेजारची, चार वाक्यं बोलतानाही अडखळणारी मुलगी. तरीही लिहिते आहे, कारण आजारपणानंतर काल काका प्रथमच एकटे फिरून आले आणि आता मला गप्प राहवत नाही.

मार्गशीर्षातला तो शेवटचा गुरुवार. हळदीकुंकवाच्या तयारीला तुम्ही मला बोलावलं होतं. सावेडीत स्वेटर घालावा अशी थंडी, आणि तुमच्या कपाळावर मात्र घाम! दाढेखाली लवंग धरून तुम्ही डावा दंड चोळत होता.

"काकू, जबडा आणि हात एकदमच दुखतोय... डॉक्टरांकडे जाऊ या का?" मी पुटपुटले.

"अगं, दाढ ठणकतीय, आन् उपासाचं पित्त. लई पुस्तकं वाचतेस तू! बायका दारात आल्यावर मीच घरात नको व्हय? शेवटच्या सवाष्णीची ओटी भरली की जाऊ."

जमलेल्या बायका हसल्या. मीही हसले. का हसले मी? हा हृदयविकाराचा झटका असू शकतो, हे मला ठाऊक होतं. बायकांना कधीकधी छातीत कळ येतच नाही, हेही वाचलं होतं. पण पूजेच्या घरात तो शब्द उच्चारायचा कसा? मी निमूटपणे केळी मांडत राहिले. दोन सवाष्णी यायच्या राहिल्या होत्या आणि तुम्ही कोसळलात, त्या पुन्हा उठलाच नाहीत.

तुमचाही थोडा राग येतो, काकू. देवीनं तुम्हाला उठून जायला मनाई केली होती का?

गेल्या महिन्यात मी डबा द्यायला आले होते, तेव्हा काकांच्या छातीवर दडपण आलं. "गॅस हाय, सोडा पिऊन येतो," म्हणत त्यांनी स्कूटरची किल्ली उचलली. मी ती हिसकावून घेतली. "काका, खाली बसा! एक पाऊलही चालायचं नाही. हा हार्ट अटॅक असू शकतो." १०८ला फोन केला, त्यांच्या शर्टाची बटणं सोडली आणि गाडी येईपर्यंत त्यांच्या श्वासाकडे पाहत बसले.

"वेळेत आणलंत," डॉक्टर म्हणाले. काकांनी माझा हात धरला. "पोरी, तुझ्या काकूच्या वेळी असं कुणाला कळलं असतं तर!"

मला कळलं होतं. त्यांना ते माहीत नाही.

हे पत्र मी तुमच्याच मोबाईलवर पाठवते आहे. तो काका रोज चार्ज करून उशाशी ठेवतात, हे जाणूनच. ते विचारतील तेव्हा मान खाली न घालता सगळं खरं सांगेन, हे माझं तुम्हाला वचन. मग ते मला दारात उभं करोत वा न करोत.

तुमची,
शर्वरी

रविवार, ८ फेब्रुवारी २०२६. सकाळी ९ वाजून १२ मिनिटांनी पाठवले.