अर्धी स्प्रिंग

फेब्रुवारी १९७४, रविवार, संध्याकाळ

पाहुणे चंदगडच्या गाडीने गेले. नातवाचं बारसं पार पडलं, असं म्हणायचं.

लेकीच्या, सुमनच्या सासूबाईंनी बाळाच्या झोळीसाठी बेळगावहून मुद्दाम लांब स्प्रिंग आणली होती. झोळी फार खाली येते म्हणून सकाळी मी ती अर्धी कापली. कुणाला विचारलंसुद्धा नाही. उरलेला तुकडा कोटाच्या खिशात टाकला. वर फुशारकी, की आता कशी बेतात बसली!

झोळी उंच राहिली खरी, पण हात लावला की भराभर हिसके घ्यायची. बाळाने प्यालेलं दूध ओकलं. आणि मी भर पाहुण्यांत लेकीवर ओरडलो, "तुला झोळीबी हलवता येत न्हाय व्हय?" सुमनने मान खाली घातली, बाळाला उचललं.

पाहुण्यांना गाडीत बसवून परत येताना खिशातला तुकडा हाताला लागला, तेव्हा डोक्यात उजेड पडला. स्प्रिंग आखूड केली की ताठ होते, आणि तेच वजन जास्त भराभर वरखाली होतं. दरवर्षी अकरावीला फळ्यावर लिहितो मी हे. आणि घरात?

घरी येऊन सुमनला म्हटलं, "चूक माझी हुती गं."

"ठाऊक हुतं की, अण्णा. तुमीच शिकवलंय वर्गात."

"मग बोलली का न्हाईस?"

"सासूबाईंच्या म्होरं तुमाला कसं बोलू?"

तुकडा अजून खिशातच आहे. मी मात्र तिला बोललो. तिच्या सासूबाईंच्याच समोर.