बस, पितर आणि आमचं महिला मंडळ

१ सप्टेंबर २००३
ठरलं. कॉलनीत सिटी बस आणायचीच. मागच्या खोलीतल्या वत्सलाबाई मेन रोडच्या दुकानात साड्यांना फॉल लावायला जातात. रोज गुडघे धरत फाट्यापर्यंत पायी. मंडळाची अध्यक्ष म्हणून मला हे बघवत नाही. स्कूटीवरून जाताना तर मुळीच नाही.

८ सप्टेंबर
डेपोत गेले. साहेब म्हणाले, कुंभमेळ्याच्या गाड्या मोकळ्या झाल्यात, गुरुवारपासून पंधरवडाभर चालवून बघू. माणसं बसली तर गाडी राहील, ताई, रिकामी पळवायला डिझेल फुकट येत नाही. म्हटलं, साहेब, उभं राहायला जागा मिळायची नाही.

१० सप्टेंबर
उद्यापासून पितृपक्ष. आधी लक्षातच आलं नाही. मंडळात ठराव : बस येऊ दे, पण दसऱ्याला पूजा करून, नारळ फोडून मगच चढायचं. एकमताने मंजूर. वत्सलाबाई कामावर होत्या.

११ सप्टेंबर
बस आली. गॅलरीतून नमस्कार केला. वत्सलाबाई एकट्याच चढल्या. संध्याकाळी त्यांना ठराव समजावला. म्हणाल्या, अहो बाई, पितर काय माझे गुडघे बघणार नाहीत? वत्सलाबाईंना संघटना कळत नाही.

१७ सप्टेंबर
कंडक्टर मोतीराम खालून ओरडला, मावशी, नुसते हात काय जोडता, चढा की. मी, ड्रायव्हर अन् ह्या आजी, पत्ते खेळायला चौथा भिडू नाय. ह्या कंडक्टर लोकांना धीर नसतो. नंतर बाजारात गेले. स्कूटीने, पण बसच्या मागे मागेच. म्हणजे एका अर्थी बसनेच.

२५ सप्टेंबर, सर्वपित्री
आता आडकाठी संपली. हार सांगितला, झेंडूचा, बसच्या मापाचा.

२६ सप्टेंबर
बस नाही. घटस्थापनेमुळे असेल.

३० सप्टेंबर
अजून नाही. दसऱ्यासाठी रंगवायला नेली असणार. डेपोला विचारून अविश्वास कशाला दाखवायचा?

५ ऑक्टोबर, दसरा
सगळ्याजणी काठापदराच्या साड्या नेसून कोपऱ्यावर. मुहूर्त टळत आला, तेव्हा फाट्याकडून वत्सलाबाई आल्या. पायी. दुकानाची पूजा उरकून. म्हणाल्या, मोतीराम भेटला होता. गाडी दुसऱ्या कॉलनीला लावली, तिकडे माणसं बसतात.

हार वाया जायला नको म्हणून स्कूटीला घातला. तीन वेढे बसले. नारळही तिच्यापुढेच फोडला. वत्सलाबाईंना खोबऱ्याचा सगळ्यात मोठा तुकडा दिला.

त्यांनी तो पदराच्या टोकाला बांधला. म्हणाल्या, उद्या फाट्याला जाताना खाईन, तेवढीच वाट सरेल.