ओढ्याचा परिच्छेद

वेलिंग्टन, मंगळवार संध्याकाळ

सोन्याच्या खाणीला परवानगी द्यायची का, याची आमच्या खात्याची फाइल आज मंत्र्यांकडे गेली. मी लिहिलेला ओढ्याचा परिच्छेद आता परिशिष्टात आहे, शेवटून दुसऱ्या पानावर.

हेलन, माझी मॅनेजर, शांतपणे म्हणाली, "आपण काढत काहीच नाहीये, फक्त मागे नेतोय." नव्या सरकारला खाणी हव्या आहेत हे ती बोलली नाही, मीही बोलले नाही. कट-पेस्ट मीच केलं. मिनिटभराचं काम. झालं म्हटल्यावर "स्वीट ॲज", म्हणजे इकडचं 'झकास', म्हणून ती कॉफी आणायला गेली. मी नाही म्हणू शकले असते का? बहुतेक हो.

खाणीचं पाणी ओढ्यात झिरपेल आणि खालची गुरं तेच पाणी पितात, एवढंच तर लिहिलंय त्यात. एक शब्दही बदललेला नाही.

घरी आल्यावर नवऱ्याला, मिलिंदला, सांगितलं. कांदा चिरता चिरता तो म्हणाला, "अगं, मंत्री पहिलं पान वाचून सही करतात, हे तूच सांगतेस ना?" हो, मीच सांगते.

पण टोचतंय ते वेगळंच. आधीच्या सरकारला हीच खाण नाकारायची होती, तेव्हा हाच ओढ्याचा परिच्छेद हेलननेच मागून उचलून पहिल्या पानावर आणला होता. पुढे का आणताय, असं तेव्हा मी विचारलं नाही. मला वाटलं, माझ्या कामाची कदर झाली.

तेव्हा दुसऱ्याच दिवशी मी ऑफिसात सगळ्यांसाठी केक नेला होता.